नानास्वामींचं तूप आणि माझी गोळी

फिट येण्याआधी मला सगळं पिवळं दिसायचं. आधी कडा पिवळ्या व्हायच्या, भिंतीच्या, दाराच्या, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या. मग तो रंग आत आत सरकायचा आणि तोंडात गरम पितळेची चव यायची. त्याच्या पुढचं मला कधीच ठाऊक नसे. ते इतरांनी सांगायचं. जाग यायची तेव्हा जीभ चावलेली असायची, परकर ओला झालेला असायचा, आणि भोवती वाकलेल्या बायकांपैकी कुणाच्या तरी हातात चप्पल नाहीतर फोडलेला कांदा असायचा. आमच्या जैन घरात कांदा येत नसे, तो शेजारून आणलेला असायचा. मला त्या चपलेपेक्षा त्या कांद्याचीच जास्त लाज वाटायची.

आम्ही माधवनगरला गिरणीच्या चाळीत राहत होतो. माझे वडील, अण्णा, विणकाम खात्यात होते. चाळीचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की आई तव्यावर भाकरी टाकायची, दुसरा झाला की अण्णा पायात चपला घालायचे. पहिली फिट मला चुलीपाशी आली. आई पाठमोरी पीठ मळत होती म्हणून वळून पाहायला तिला क्षणभर उशीर झाला, आणि माझ्या डाव्या दंडावर वीतभर भाजलं. तो डाग अजून आहे. मी बेशुद्ध असताना आईनं जे पाहिलं त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे पाठ करून स्वयंपाकाला बसली नाही.

सांगलीच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. फिट थांबल्या, पण मला दिवसभर गुंगी असायची. वर्गात डोकं बाकावर टेकायचं, हिरड्या सुजल्या, गणितात पहिली येणारी मी कशीबशी पास होऊ लागले. एकदा जेवता जेवता माझी मान ताटावर वाकली आणि अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. "ह्या गोळ्यांनी पोरीचं डोकं मरायला लागलंय," ते म्हणाले. त्यांच्या खात्यातल्या एका माणसाच्या भावाला म्हसवडच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या वैद्यांचा गुण आला होता. अण्णांनी रजा टाकली आणि गोळ्या बंद म्हणून सांगितलं. आमच्या घरात अण्णांनी एकदा सांगितलं की कुणी काही बोलत नसे.

निघायच्या दिवशी आईनं माझ्या ट्रंकेत मेतकुटाचा पितळी डबा ठेवला. अण्णा बाहेर गेल्यावर तिनं तो उघडून दाखवला. मेतकुटाखाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. एकटी सांगलीला जाऊन, स्वतःच डॉक्टरांना भेटून तिनं त्या आणल्या होत्या. "हे आठ दिवस दिली तशीच, रोज संध्याकाळी एक. चुकवायची नाही. अण्णांना सांगायचं नाही, वैद्यांनाही नाही. माझी शपथ हाय तुला." मी विचारलं, मग वैद्यांकडे कशाला जायचं? ती म्हणाली, "अण्णांचं समाधान व्हायला नको?"

विट्याला गाडी बदलली. भिवघाट उतरल्यावर खिडकीतून हिरवं काही दिसेनासं झालं. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी त्या भागात पाऊस पडला नव्हता. रस्त्याच्या कडेला माणसांच्या रांगा खडी फोडत बसलेल्या दिसायच्या. कृष्णाकाठच्या उसात वाढलेल्या मला वाटलं, आपल्याला शिक्षा म्हणूनच इथं आणलंय.

वैद्यांना सगळे नानास्वामी म्हणत. जंगमाचं घर, त्यामुळे मांस-मासळी नाही, आणि म्हणूनच अण्णा मला तिथं ठेवायला तयार झाले होते. साठीतले, किडकिडीत, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं हळू. त्यांच्या पत्नी, काकी, उंचपुऱ्या आणि मोठ्या आवाजाच्या. पुढच्या सोप्यात रोगी बसायचे, मधल्या खोलीत फळ्यांवर बरण्या, मागं गोठा. त्या घराचा आवाज म्हणजे लोखंडी खलबत्ता. पहाटेपासून काहीतरी कुटलं जात असे आणि त्या ठोक्याला गोठ्यातल्या गाईची घंटा मधूनच साथ द्यायची. काकींनी पहिल्याच दिवशी मला विचारून घेतलं, काय चालतं, काय नाही. त्यानंतर माझं जेवण रोज दिवस मावळायच्या आत वेगळं वाढलं गेलं. बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, आणि हुलग्याचं माडगं. ते गरम, दाट माडगं वाटीनं पिताना पोटात जी ऊब उतरायची ती मला पुढं कुठल्याच पक्वान्नात मिळाली नाही. दुष्काळाच्या त्या दिवसांत ती माऊली दुसऱ्याच्या पोरीसाठी रोज दोनदा चूल पेटवत होती, हे कळायचं माझं वय नव्हतं.

नानास्वामींनी मला तपासलं ते जवळजवळ सगळं विचारूनच. नाडीवर बोटं ठेवून ते डोळे मिटून प्रश्न विचारत होते. फिट सकाळी येते की दुपारी, जेवणाआधी की नंतर, घाम येतो का, तहान लागते का, आणि येण्याआधी काय दिसतं. आजवर कुणी मला हा शेवटचा प्रश्न विचारला नव्हता. चप्पल हुंगवणाऱ्या बायकांनीही नाही, सांगलीच्या डॉक्टरांनीही नाही. मी पिवळ्या रंगाचं आणि पितळेच्या चवीचं सांगितलं, तसे त्यांनी डोळे उघडले.

"पित्ताचा आहे," ते अण्णांना म्हणाले. "वाताचा असता तर काळं दिसलं असतं, दात करकरा वाजले असते. कफाचा असता तर पांढरं दिसतं, आणि माणूस शुद्धीवर यायला लय वेळ घेतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी मला समजेल असं सांगितलं. ह्या रोगाला अपस्मार म्हणतात. स्मृती निघून जाते, म्हणून अपस्मार. मनाची जागा हृदयात, तिथून मनाच्या वाटा निघतात. काळजीनं, भीतीनं, वेळी-अवेळी खाण्यानं दोष वाढतात आणि त्या वाटा बुजवून टाकतात. मग माणूस अंधारात शिरतो. वाट मोकळी झाली की बाहेर येतो. "बाहेरचं न्हाई, कुणाचं करणं न्हाई, पाप न्हाई. ताप येतो तसा रोग आहे."

आज मला ठाऊक आहे की फिट मेंदूत येते आणि माझ्या हृदयाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तरी ते ऐकताना छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या चाळीत तोवर कुणीही मला 'पाप नाही' असं म्हटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी अण्णांना विचारलं, "डॉक्टरची गोळी चालू आहे?"

"बंद केली. आठ दिवस झाले."

नानास्वामींच्या कपाळावर आठी पडली. "एकदम? असं करायचं न्हवतं. अशी गोळी एकदम सोडली की रोग उसळतो, मी पाह्यलंय." मग त्यांनी मला विचारलं, "आठ दिवसांत आली का?"

"नाही," मी म्हणाले. ट्रंक माझ्या पायाशीच होती.

"मग ठीक. आता आपण आपलं सुरू करू."

आधी भांडं घासायचं, मग त्यात दूध ओतायचं, असं ते म्हणत. पहिले काही दिवस नुसतं तूप पाजून मग रेच दिला. त्यानंतर रोज सकाळी मला उताणं झोपवून नाकात औषधी तेलाचे थेंब, आणि त्यावर पंचगव्याचं तूप. ते तूप करायला दोन दिवस लागत. गाईचं दूध, दही, तूप, मूत्र आणि शेणाचा रस, सगळं मंद आचेवर आटवायचं, फक्त तूप उरेपर्यंत. दुसऱ्या एका तुपात ब्राह्मीचा रस पडे. ब्राह्मीला ओल लागते, आणि त्या भागात ओल कुठली? म्हणून अण्णा महिन्यातून एकदा कृष्णाकाठची ब्राह्मी ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन यायचे. काही औषधं मधातून द्यायची असत. आम्हाला मध चालत नाही म्हटल्यावर ती त्यांनी तुपातून दिली. लसूण तेलातून देत, तो सोडला आणि वेखंड वाढवलं. या सगळ्यापेक्षा कडक एक नियम होता. फेफरं येणाऱ्याला पाणी, आग, झाड आणि डोंगर यांच्यापाशी एकटं सोडायचं नाही. जुन्या वैद्यांनी सांगून ठेवलंय, ते म्हणायचे, औषध चुकलं तरी चालेल, राखण चुकता कामा नये. काकी मला विहिरीच्या बाजूला फिरकू देत नसत.

आणि रोज संध्याकाळी, जेवण झाल्यावर, मी गोठ्यामागं जाऊन एक गोळी कोरडीच गिळायची. ब्राह्मीच्या पोत्याबरोबर अण्णा आईनं दिलेला मेतकुटाचा नवा डबा आणत. आपण काय वाहून आणतोय हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

एक महिना गेला, दोन गेले. फिट आली नाही. तिसऱ्या महिन्यात माझी गुंगीही कमी झाली. का, ते मला सांगता येणार नाही. तुपानं असेल, वेळच्या वेळी जेवण्याझोपण्यानं असेल, किंवा गोळी अंगवळणी पडली असेल. काकी मला पोथी वाचायला बसवत आणि मी न अडखळता वाचत असे. नानास्वामी सोप्यातून ऐकत. पाचवा महिना लागला तेव्हा ते आलेल्या रोग्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागले, "ही पोरगी बघा. पाच महिने एक फेफरं न्हाई." ते फुशारकी मारणारे गृहस्थ नव्हते. आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवला ते डोळ्यांसमोर खरं होताना पाहणाऱ्या माणसाचा तो आनंद होता. त्यांनी असं म्हटलं की मी जमिनीकडे बघत असे आणि रोगी म्हणत, किती लाजाळू आहे.

त्या रोग्यांत सयाजी हवालदार होते. चाळिशीच्या आतले, रुंद छातीचे, डोक्याच्या डाव्या बाजूला केस न उगवणारा एक पट्टा. लढाईत डोक्याला मार लागला होता आणि तेव्हापासून फिट येत. फौजेतून घरी पाठवलेले. फौजी दवाखान्याच्या गोळ्या सुरू होत्या, त्यांची त्यांना चीड होती. गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथं ते खडी फोडायला जात. "म्होरं पलटणीला घिऊन चालनारा मी," ते म्हणायचे, "आता दगडावर बसून पेंगतोय."

त्यांनी नानास्वामींना गोळी सोडू का म्हणून विचारलं तेव्हा मी मधल्या खोलीच्या दाराशी होते.

"हिचं वेगळं, तुमचं वेगळं," नानास्वामी म्हणाले. "तुमचं मार लागून झालेलं. तीन महिने तूप घ्या, मग डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करू."

"डॉक्टर कशाला व्हय म्हनंल?"

"तरी विचारायचं."

नानास्वामी आत औषध काढायला गेले. हवालदार माझ्याकडे आले. मी उंबऱ्यात वेखंड निवडत बसले होते. ते समोर उकिडवे बसले, अगदी माझ्या डोळ्यांच्या पातळीला. "पोरी, मला खरं सांग. तू गोळी अजाबात घेत न्हाईस?"

मला आईची शपथ आठवली, अण्णांचा चेहरा आठवला. नानास्वामी आतून ऐकताहेत असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर यातलं काहीच त्या वेळी इतकं स्पष्ट नव्हतं. खोटं इतके दिवस रोज बोलून सोपं झालं होतं.

"नाही," मी म्हणाले.

ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते तूप न्यायला आले तेव्हा चाल हलकी होती. नानास्वामी कुणाची तरी नाडी बघत होते. हवालदार मला हळूच म्हणाले, "तीन दिस झालं, एक बी गोळी न्हाई. लय हलकं वाटतंय बघ. स्वामींना आत्ता सांगू नगंस, म्हैनाभरानं मीच सांगतो."

ते गेल्यावर मी वेखंडाच्या सुपाशी बसून राहिले. 'अशी गोळी एकदम सोडली की रोग उसळतो' हे नानास्वामींचं वाक्य मला शब्दाशब्दानं पाठ होतं. त्या दिवशी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं, तर काकी मध्ये आल्या. दुपारी ठरवलं संध्याकाळी सांगू, संध्याकाळी ठरवलं सकाळी सांगू. मी भाकरी अर्धी ठेवून उठले. काकींनी कपाळाला हात लावून पाहिला. माझ्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ वाट पाहिली आहे, दवाखान्यात, स्टेशनवर, निकालाची, पण ते दोन दिवस जसे गेले तसे दुसरे कुठले गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नानास्वामी मागच्या अंगणात तूप आटवत बसले होते. सगळं आटून तूप सुटायच्या बेतात आलं होतं. अशा वेळी पळी क्षणभरही थांबवायची नसते, नाहीतर खाली लागतं. गाय अर्धपोटी, दूध कमी, त्यामुळे ती कढई म्हणजे कित्येक आठवड्यांचं तूप होतं. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"नानास्वामी, मी गोळी घेते."

"कुठली गोळी?" पळी फिरत होती.

"डॉक्टरांची. पहिल्यापासून. रोज. आईनं दिलीय." आणि ते काही बोलायच्या आत मी पुढचंही सांगून टाकलं. हवालदारांनी मला विचारलं होतं, मी नाही म्हणाले होते, आणि त्यांनी गोळी सोडून आज पाच दिवस झाले होते.

पळी थांबली. ते माझ्याकडे बघत राहिले. राग दिसला असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त एक म्हातारा माणूस दिसत होता. कढईतून जळका वास यायला लागला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. काकी धावत आल्या. "आवं, तूप लागतंय."

"लागू दे," ते म्हणाले. उठून खांद्यावर उपरणं टाकलं, कोनाड्यातली औषधाची पिशवी घेतली. "चल. त्याला तू सांगायचंस, मी न्हाई."

तलावाचं काम अर्ध्या तासावर होतं. भर दुपार, पायाखाली तापलेली माती. ते पुढं, मी मागं. वाटेत ते एकदाच बोलले, मागं न बघता, "आज सकाळची गोळी घेतलीस?" मी म्हणाले, संध्याकाळी असते. "चुकवू नको," ते म्हणाले.

दुरूनच गर्दी दिसली. हातोड्यांचा आवाज थांबला होता. नानास्वामी पळायला लागले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

सयाजी हवालदार खडीच्या ढिगावर आडवे पडले होते. उजवा हात अंगाखाली वेडावाकडा अडकलेला. अंग झटके देत होतं, तोंडाला फेस. एकानं दातात पहार घालायला घेतली होती, दुसरा चप्पल नाकाशी धरून उभा होता. त्यांची बायको, सुलावहिनी, पाय धरून बसली होती. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच फिट बाहेरून पाहत होते. आई ह्याबद्दल का बोलत नव्हती ते मला तिथं समजलं.

"पहार काढ. तोंडात काय घालू नका. पाय सोडा, दाबू नका." नानास्वामींनी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपलं उपरणं ठेवलं. झटके ओसरले. "कितवी ही?"

"चौथी, न्हाईतर पाचवी," सुलावहिनी म्हणाली. "मधी डोळं उघडलंच न्हाईत."

नानास्वामींनी पिशवीतून नाकात फुंकायच्या चूर्णाची पुडी काढली. ती उघडली. एवढ्यात हवालदारांचं शरीर पुन्हा ताठ झालं. नानास्वामींनी पुडी तशीच मिटली आणि पिशवीत ठेवली. "हे माझ्या हातातलं न्हाई," ते म्हणाले. "ह्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता. म्हसवडला."

तिथं एकच गाडी होती, पाण्याचा टँकर. नुकताच आला होता. दोनच घागरी भरून झाल्या होत्या आणि पन्नासएक बायका रांगेत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "मी कसा नेनार? पानी वाटल्याबिगार जायचा हुकूम न्हाई. आन पानी घिऊन गेलो तर ह्या बाया मला जित्ता सोडतील?"

दोन दिवसांनी आलेलं पाणी होतं ते. लहान मुलं पाइपच्या तोंडाशी हात धरून उभी होती. नानास्वामी रांगेकडे वळले, पण काय मागायचं ते त्यांना सुचेना. मग रांगेत पुढं उभी असलेली एक म्हातारी, जिची घागर भरायला लागली होती, तिनं पाइप घागरीतून काढला आणि तोटी बंद केली. "जा घिऊन," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माघारी येशील तवा पानी दे. आमी बसतो हितंच."

चौघांनी हवालदारांना उचलून केबिनमध्ये ठेवलं. नानास्वामी आणि सुलावहिनी चढले. दार लागायच्या आधी नानास्वामींनी मला शोधलं आणि त्या म्हातारीला सांगितलं, "हिला घरी पोचवा. एकटी सोडू नका. हिलाही फेफरं येतं." एवढ्या गडबडीतही त्यांची राखण चुकली नाही. टँकर गेला. बायका रिकाम्या घागरी खाली ठेवून बसल्या. मीही त्यांच्यात बसले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मला ज्यांना सांगायचं होतं ते तिथं उरले नव्हते. टँकर दिवस कलताना परत आला, तोवर त्या तशाच बसून होत्या. ड्रायव्हरनं सांगितलं, म्हसवडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन जीपनं साताऱ्याला पाठवलंय.

नानास्वामी तिसऱ्या दिवशी परतले. हवालदार शुद्धीवर आले होते. उजव्या मनगटाचा खडीवर पडून चुरा झाला होता, तो हात पुढं कधी नीट चालला नाही. काकींनी करपलेली कढई तशीच ठेवली होती, घासायला मन झालं नव्हतं त्यांना. नानास्वामींनी ती स्वतः राखेनं घासली, आणि मग दोन पत्रं लिहिली, एक अण्णांना आणि एक सांगलीच्या डॉक्टरांना.

बाजाराच्या दिवशी सोपा रोग्यांनी भरला तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "ही पोरगी माझ्या तुपानं बरी झाली असं मी तुमाला सांगत हुतो. ती रोज डॉक्टरची गोळी घेत हुती. मला ठाऊक न्हवतं. मी चुकीचं बोललो. कुणी माझं ऐकून गोळी सोडली असंल तर आज सुरू करा." एक बाई उठून निघून गेली. त्यानंतर दोन आठवडे ते उन्हातान्हात आजूबाजूच्या गावी जात राहिले. ज्यांना ज्यांना माझं उदाहरण दिलं होतं त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन त्यांनी हेच सांगितलं. सोप्यावरची गर्दी निम्मी झाली. माझं नाव मात्र त्यांनी एकदाही दोषानं घेतलं नाही.

अण्णा आले, बरोबर आई. अण्णा माझ्यावर चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते आईकडे बघत म्हणाले, "माझ्याच हातानं? माझ्याच हातानं पाठवल्यास?"

"व्हय."

"एका शब्दानं मला सांगितलं असतंस."

"तुमी ऐकलं असतं?" आई म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. "मला पोर जित्ती पायजे हुती. चुलीपाशी मी हुते, तुमी न्हवता."

अण्णा खाली बसले. नानास्वामी मध्ये पडले. आईला म्हणाले, "गोळी दिली त्यात तुमचं काय चुकलं न्हाई. मला ठाऊक असतं तर मी ती बंद केली नसती. तुपाबरोबर दिली असती." आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग पदर तोंडाला लावून रडू लागली. असंही होऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून गोळी काकींच्या हातून मिळू लागली, तुपाच्या वाटीशेजारी. गोळी मी अजूनही घेते, नंतर तिचं नाव आणि रंग दोनदा बदलला एवढंच. तूप मी पुढं वर्षभर घेतलं. कशानं काय झालं याचा निवाडा मी कधी केला नाही. दोन्ही बाजूंचे लोक मला आपल्या बाजूनं बोलायला सांगतात, मी बोलत नाही.

हवालदार महिन्यानं घरी आले. नानास्वामींनी मला त्यांच्या घरापाशी सोडलं आणि ते बाहेर लिंबाखाली थांबले. मी आत जाऊन सगळं सांगितलं. सुलावहिनी चुलीपुढं बसली होती, ती उठून परसात गेली आणि मी असेपर्यंत आली नाही. हवालदार पट्टीतल्या हाताकडे बघत होते. ते म्हणाले, "गोळी मी सोडली. स्वामींनी नगं म्हनलं हुतं." मग पुन्हा म्हणाले, "पर तू घेते म्हनाली असतीस तर सोडली नसती." दोन्ही खरं होतं.

मी निघणार तोच त्यांनी विचारलं, "तुला लिवाय येतं न्हवं? फौजी दवाखान्यात परत दाखवायचं तर अर्ज करावा लागतोय. सही डाव्या हातानं जमंना. आंगठा मी लावनार न्हाई."

मी अर्ज लिहिला. आणि गावी परत जायच्या आधीचे वीस-बावीस दिवस रोज सकाळी त्यांच्या दारात बसून, पाटीवर, त्यांच्या डाव्या हाताला त्यांचं नाव शिकवलं. दगड फोडणाऱ्या हाताला खडू पेलत नव्हता, खडू मोडायचे. ते शिव्या द्यायचे, मला नाही, हाताला. सुलावहिनी माझ्याशी बोलत नसे. पण आठेक दिवसांनी ती आमच्याजवळ येऊन तांदूळ निवडत बसू लागली, आणि एकदा 'य'चं पोट उलट्या बाजूला गेलं तेव्हा तिनंच बोट ठेवून दाखवलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली. वाकडी, मोठी, ओळ सोडून खाली गेलेली. मग खाली साक्षीदाराची रेघ होती. सुलावहिनी म्हणाली, "पाटलांना बोलवू?"

हवालदारांनी लेखणी माझ्यापुढं धरली. "हिला समदं म्हाईत हाय," ते म्हणाले. "हीच लिवंल."

अल्पवयीन मुलीची साक्ष चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं, त्यांना असावं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि शेवटचं अक्षर दोनदा गिरवलं.